बंदुकीचा वाटा

आमच्या गावात डुकराची शिकार झाली की वाटे घालायची एक ठरलेली रीत होती. हाक्याला जितकी माणसं, तितके वाटे. ज्याच्या बाराने जनावर पडलं त्याला एक वाटा जास्त, आणि मुंडी त्याची. कुत्रे घेऊन येणाऱ्याला कुत्र्यांचा म्हणून अर्धा वाटा. आणि एक वाटा बंदुकीचा. ज्याच्या मालकीची बंदूक, त्याच्या घरी हा वाटा जायचा. तो स्वतः रानात गेला होता की ओटीवर पान खात बसला होता, हे कोणी विचारत नसे. आमच्या वाडीत परवान्याची बंदूक एकच होती, एकनळी, ठासणीची, आणि ती माझ्या आज्याची. त्यामुळे तो वाटा कायम आमच्याकडे यायचा. लहानपणी मला खरंच वाटायचं की बंदूकसुद्धा जेवते.

दसऱ्याला तिची पूजा व्हायची. नळीला झेंडूची माळ, दस्त्याला हळदकुंकू. देव्हाऱ्यातल्या देवांना नमस्कार करताना आम्ही पोरं चुळबुळ करायचो, पण तिच्यापुढे गुमान वाकायचो.

आजा 1974 साली गेला. परवाना वडिलांच्या नावावर झाला. तोवर शिकारबंदीचा कायदा येऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून परवान्यावर 'शेतीसंरक्षण' एवढंच कारण राहिलं. वडील 2015 साली गेले. परवानाधारक मेला की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचं असतं, मग वारसाने नवीन अर्ज करायचा. मी बंदूक जमा केली, पावती घेतली, आणि अर्ज करायचं राहून गेलं. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला बंदूक हवी तरी कशाला?

हवी, असं मला वाटायला लागलं ते अमेरिकेत.

2018 च्या उन्हाळ्यात मुलीकडे गेलो होतो. ती मॉन्टाना राज्यात बिलिंग्ज नावाच्या गावी राहते. मोठी शहरं आपण सिनेमात पाहतो, हे तसलं नाही. धान्याचे कोठार, गुरांचा बाजार, आणि गावाबाहेर पडलं की नजर पोचेल तिथवर गवत. शेजारी एक म्हातारा एकटा राहायचा. वय ऐंशीच्या आसपास, जन्मभर गुरं पाळलेली. मी सकाळी अंगणात फिरताना दिसलो की हात वर करायचा. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे असं मुलीने सांगितल्यावर त्याने मला घरी बोलावलं आणि आपला खजिना दाखवला.

नऊ बंदुका होत्या. सगळ्या जुन्या, सगळ्या शिकारीच्या, आणि सगळ्या एकाच जातीच्या: चापाभोवती जी लोखंडी कडी असते तीच लिव्हर. ती खाली ओढली की रिकामी पुंगळी बाहेर उडते, वर घेतली की नळीखालच्या नळकांड्यातलं पुढचं काडतूस जागेवर येतं. खांद्यावरून बंदूक न उतरवता एकामागून एक बार काढता येतात. आमच्या ठासणीच्या बंदुकीत दारू घाला, बोळा ठासा, छर्रे घाला, पुन्हा ठासा, केप बसवा, तोवर डुक्कर दोन गावं ओलांडून जायचं. मी हाताने खुणा करून हे सांगितलं तेव्हा म्हातारा पोट धरून हसला.

त्यातली त्याची लाडकी होती विंचेस्टरची 1894 सालची घडण. जॉन ब्राउनिंग नावाच्या कारागिराने ती आखली. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या कारखान्यात ती 2006 पर्यंत निघत होती, आणि एकूण सत्तर लाखांच्या वर निघाल्या. म्हणजे दुर्मीळ अजिबात नाही. तिकडच्या खेड्यात घरटी एक असावी, आपल्याकडे पाटा-वरवंटा असायचा तशी. मग हिच्यात एवढं काय, असं मी विचारलं. म्हाताऱ्याने कपाटातून एक जाडजूड फाईल काढली आणि टेबलावर ठेवली. "हे," तो म्हणाला.

तो बंदुका जमवत नव्हता, बंदुकांचे कागद जमवत होता, असं मी नंतर मुलीला म्हणालो. प्रत्येक बंदुकीची एक फाईल. ती कोणी घेतली, कोणाला दिली, कुठल्या साली. दुकानाची पावती, मृत्युपत्राची नक्कल, खांद्यावर तीच बंदूक घेतलेल्या माणसाचा फोटो, त्या माणसाच्या नातीचं सहीनिशी पत्र. दस्त्यावर कोरलेली अक्षरं फोटोतल्या बंदुकीवरच्या अक्षरांशी भिंगाने ताडून पाहिलेली. आणि सगळ्यात वर कारखान्याचं पत्र. विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात ठेवल्या आहेत. बंदुकीवरचा क्रमांक कळवला आणि तो त्या वह्यांत सापडला, तर ते लिहून देतात: नळी गोल की अष्टकोनी, काडतूस कुठलं, कोठारात कधी आली, कोठारातून कधी बाहेर पडली. सगळ्या क्रमांकांच्या वह्या उरलेल्या नाहीत, म्हणून ज्याचं पत्र निघतं त्याची बंदूक भाव खाते.

त्यांच्या कायद्याचीही गंमत आहे. 1968 च्या त्यांच्या बंदूक कायद्यात 1898 किंवा त्याआधी घडवलेलं हत्यार 'पुरातन' धरतात, त्याला नव्याचे नियम लागत नाहीत. 1898 च्या डिसेंबरातली बंदूक म्हणजे जुनी वस्तू, 1899 च्या जानेवारीतली म्हणजे हत्यार. "एका रात्रीत म्हातारी होते," तो म्हणाला.

त्या फाईलमध्ये एक पान मला फार आवडलं. 1919 ते 1934 या वर्षांपुढे त्याने शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, माहीत नाही. ती पंधरा वर्षं बंदूक कोणाकडे होती याचा पुरावा त्याला मिळाला नव्हता. एका विक्याने त्याला सुचवलं होतं म्हणे की तिथे एखाद्या प्रसिद्ध शेरीफचं नाव घाल, चौपट पैसे येतील. म्हातारा म्हणाला, आमच्यात म्हण आहे, बंदूक विकत घ्या, तिची गोष्ट नको. गोष्टी फुकट मिळतात.

एके रविवारी जावयाने आम्हा दोघांना कोडीला नेलं. दोनेक तासांचा रस्ता. वाटेत म्हाताऱ्याने नेवाडातल्या एका विंचेस्टरची हकिकत सांगितली. 2014 च्या नोव्हेंबरात ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात काम करणाऱ्यांना एक बंदूक सापडली, जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली. दस्ता उन्हापावसाने राखाडी होऊन चिरलेला, त्याचं टोक मातीत रुतलेलं. जणू कोणी आडोशाला गेलं आणि परत आलंच नाही. घडण 1873 ची. वही पाहिली तर ती 1882 साली कारखान्यातून गेली एवढंच निघालं. कोणाला, ते नाही. मग ती कोडीच्या इस्पितळात नेऊन तिचा एक्स-रे काढला. दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस निघालं, 1887 ते 1911 च्या दरम्यान बनलेलं. सगळ्या देशाने त्या बंदुकीविषयी अंदाज बांधले, पण ज्याने ती झाडाला टेकवली त्याचं नाव काही लागलं नाही.

एक्स-रेची गोष्ट ऐकून मी हसलो होतो. तेव्हा मला दुसरं काहीच आठवलं नाही, याची आज लाज वाटते.

संग्रहालयात बंदुका पाहून डोळे शिणले. बाहेर बाकावर बसल्यावर त्याने आणखी एक सांगितलं. विंचेस्टरच्या 1886 च्या घडणीची पहिल्या क्रमांकाची बंदूक 2016 साली लिलावात साडेबारा लाख डॉलरच्या वर गेली. ती लॉटन नावाच्या लष्करी कप्तानाला भेट मिळाली होती, जेरोनिमो या अपाची लढवय्याच्या पाठलागावर जो होता तो. जेरोनिमो 1886 च्या सप्टेंबरात शरण आला. कागद पक्के, मालकांची साखळी पक्की. मी विचारलं, मग त्या किमतीतले किती डॉलर लॉटनचे आणि किती जेरोनिमोचे? तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, वस्तूला पाप नसतं, मी फक्त ती कोणाच्या हातात होती एवढं लिहितो.

हे मला तेव्हाही पुरतं पटलं नव्हतं. वस्तूला पाप नसेल तर पुण्य तरी कुठून येतं? आपण दसऱ्याला माळ कोणाला घालतो? आणि कोणा कप्तानाच्या हाताने लोखंडाची किंमत वाढत असेल, तर कोणाच्या रक्ताने ती वाढत किंवा घटत नाही असं कसं म्हणायचं? पण तो भला माणूस होता आणि मी पाहुणा होतो. शिवाय त्याच्या शिसपेन्सिलीच्या त्या दोन शब्दांनी मी भारावलो होतो. वाटलं, आपल्याकडेही एक बंदूक आहे, तिची अशी फाईल का करू नये?

गावी आल्यावर मी लागलोच कामाला. आज्याच्या वेळची परवान्याची वही ट्रंकेत सापडली, वाळवीने कडा खाल्लेली. पानोपान नूतनीकरणाचे शिक्के. वडिलांचा परवाना होता. निवडणुकांच्या वेळी ठाण्यात जमा केल्याच्या पावत्या होत्या. आजा खांद्यावर बंदूक टाकून उभा असलेला एक फोटो होता. मालकांची साखळी अखंड, पंधरा वर्षांचं सोडा, पंधरा दिवसांचंही भोक नाही. म्हाताऱ्याला फोटो पाठवायचे या विचारानेच मला हुरूप आला होता. सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून मी आईला वाचून दाखवलं. ती तेव्हा चौऱ्याऐंशीची होती, कान तिखट.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "सगळा लिवलंस. आणि तेचा?"

"कोणाचा?"

"कुणग्यातल्याचा. आणखी कोणाचा?"

गोवा मुक्त झाला त्या हिवाळ्यातली गोष्ट. मी तिसरीत होतो. भातं झोडून झाली होती आणि डुकरांचा हाका निघाला होता. आजा पायवाटेच्या तोंडाशी दबा धरून बसलेला. डुक्कर करवंदीच्या जाळीतून फुटलं, आज्याने बार काढला. डुक्कर पडलं. पण ठासणीच्या बंदुकीत छर्रे मूठभर, ते काही एकाच ठिकाणी जात नाहीत. जाळीच्या पलीकडे खालच्या वाडीतला एक हाकारी डबा बडवत येत होता, त्याच्या गुडघ्यात छर्रे शिरले. त्याला घोंगडीत घालून आणलेलं मी पाहिलं. आमच्या अंगणात कंदिलाच्या उजेडात कोणीतरी सुरीने उकरून काही छर्रे काढले. सगळे निघाले नाहीत.

इस्पितळात नेलं असतं तर पोलीस आले असते, आणि पोलीस आले असते तर परवाना गेला असता. आधीच हद्दीवरचा मुलूख. मग ठरलं, की तो उतारावर घसरला आणि बांबूचा खुंट गुडघ्यात गेला. कोणी ठरवलं? आज्याने, असं म्हणायला मी धजत नाही, पण आज्याच्या ओटीवर ठरलं. त्याने मान डोलावली. पुढे सत्तावीस वर्षं, 1989 साली मरेपर्यंत, जो विचारील त्याला त्याने बांबूचा खुंटच सांगितला. तो पाय पुन्हा वाकला नाही. आज्याने त्याला नदीकडचा अकरा गुंठ्यांचा कुणगा कसायला दिला, खंड घ्यायचा नाही, पिढ्यान्‌पिढ्या तुमचा, असं तोंडी सांगून. कागदावर काही नाही. कागद केला असता तर कशाबद्दल दिला तेही कोणी विचारलं असतं.

त्या दिवशीही वाटे पडले. त्याचा एक वाटा त्याच्या घरी पोचता झाला. बंदुकीचा वाटा आमच्याकडे आला. मी जेवलो. चव आठवत नाही, पण जेवलो हे नक्की.

आता सांगा, माझी फाईल खरी की खोटी? तिच्यातला एकही कागद बनावट नाही. शिक्के सरकारी, सह्या असली. म्हाताऱ्याच्या फाईलमधली रिकामी जागा खरी होती, माझी भरगच्च फाईल मात्र एका खोट्यावर उभी होती, कारण ते खोटं बोललं गेलं नसतं तर 1962 नंतर परवान्याचं पुढचं पानच नसतं. मालकांची नावं म्हणजे बंदुकीचा इतिहास, हे आम्ही दोघांनीही धरून चाललो होतो. पण बंदुकीला दोन टोकं असतात आणि नोंद एकाच टोकाची होते. नेवाडात झाडाला टेकलेल्या बंदुकीचा एक्स-रे निघाला. खालच्या वाडीतल्या त्या गुडघ्याचा कधी निघाला नाही.

मी नऊ वर्षांचा होतो, माझा काय दोष, असं मी स्वतःला बरंच समजावलं. खरंही आहे ते. पण वारसाहक्काने बंदूक मागायची, आणि वारसाहक्कानेच आलेलं दुसरं ओझं मात्र आज्याबरोबर जळलं म्हणायचं, हे पोरांना तीस-चाळीस वर्षं खरेखोटेपणाचे धडे देऊन मला जमेना.

ठरवलं, निदान लिहायचं. नावगावासकट. त्याचा मुलगा माझ्याच वर्गात होता, आता नातवंडांचा आजा आहे. मी मास्तर झाल्यापासून मला गुरुजी म्हणतो, मी त्याला अजून अरेतुरे करतो. त्याच्याकडे गेलो, सगळं सांगितलं, आणि म्हणालो, तुझ्या बापाचं नाव मी पुस्तकात घालणार आहे. मला वाटलं त्याचे डोळे भरून येतील. माणूस स्वतःच्या चांगुलपणावर किती लवकर भाळतो!

तो तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "माझो बापूस मरेपर्यंत बांबूचो खुटो म्हणान सांगत ऱ्हवलो. तो तुमच्या आज्यासाठी खोटो बोललो. आता तुमी छापून तेका खोटो पाडतलास?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. त्यानेच पुढे सांगितलं, की बापाला जाळल्यावर तिसऱ्या दिवशी सावडायला गेला तेव्हा राखेत शिशाचे दोन मणी मिळाले होते, वितळून गोळा झालेले. त्याने ते कोणाला दाखवले नाहीत. अस्थींबरोबर नदीत सोडले.

मी निघालो तेव्हा खळ्याच्या कडेपर्यंत तो आला. म्हणाला, "गुरुजी, नाव घालूचा आसात तर सातबाऱ्यार घाला. पुस्तकात कित्याक?"

म्हणून या लेखात ते नाव नाही.

सातबाऱ्यावर घालणं मात्र पुस्तकात घालण्याइतकं सोपं निघालं नाही. अकरा गुंठे वेगळे काढायचे तर तुकडेबंदी आडवी येते. बक्षीसपत्र करायचं तर घेणारा कागदावर शेतकरी लागतो, आणि त्याच्या नावावर कुठेही एक गुंठा नाही. साठ वर्षं तो कुणगा त्यांनी नांगरला, पण पीकपाहणीला दरवर्षी 'खुद्द' म्हणून आमचीच नोंद. परवानगीचा अर्ज वर गेला आहे, तो कुठल्या टेबलावर आहे ते दर दीड महिन्याने वेगळं कळतं. वकील म्हणतो, मृत्युपत्रात लिहून ठेवा, मग बघू. मुलगी फोनवर म्हणते, बाबा, तुम्ही करताय ते बरोबर आहे. ती असं म्हणते तेव्हा मला जरा संकोच होतो, कारण वीस वर्षांपूर्वी केलं असतं तर त्याच्या पोराला शेतकरी दाखल्यावर काहीतरी मिळालं असतं.

बंदूक अजून ठाण्यात आहे. मध्ये एकदा पाहून आलो. हवालदाराने खोलीच्या कोपऱ्यातून काढून दाखवली, नळीला सुतळीने बांधलेला पुठ्ठा, त्यावर वडिलांचं नाव आणि नंबर. दस्त्यावर बुरशी. तो म्हणाला, अर्ज करा, नाहीतर सरकारजमा करायचं लिहून द्या, किती दिवस ठेवू? शेतीसंरक्षणाच्या अर्जाला सातबारा जोडावा लागतो. मी तलाठ्याकडून दोन प्रती आणल्या होत्या, एक जमिनीच्या कामाला लावली. दुसरी घरी आहे. त्या सातबाऱ्यावर मी शेतकरी आहे, हाताला नांगर न लावलेला. मला पीक राखायला बंदूक मिळू शकते. ज्याचं पीक डुकरं खातात त्याला ती मिळू शकत नाही.

परवा रात्री कुणग्यात डुकरं आली होती. तो डबा बडवत बसला होता. आमच्या ओटीपर्यंत आवाज येत होता. आई जागीच होती.

"ऐकतंस मां?" ती म्हणाली.

म्हटलं, ऐकतोय.